तीन तिघाडा, काम बिघाडा

रा. रा. समभुज त्रिकोण यांसी,
मु. पो. स्फटिकाच्या आत, मिळेल तो थर.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्याविरुद्धच्या तक्रारी फार झाल्या आणि दाद मागायची ठिकाणं संपली. म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

आपली ओळख शाळेपासूनची. तिन्ही बाजू सारख्या, तिन्ही कोन साठ-साठ अंशांचे, लहानमोठं कुणी नाही. काटकोन त्रिकोणाला पायथागोरसाने कामाला जुंपलं, विषमभुजाकडे कुणी ढुंकून बघत नाही, आपण मात्र समतेचा पुतळा म्हणून फळ्यावर मिरवलात. इतक्या सोज्वळ चेहऱ्यावर संशय घ्यायचा तरी कसा? चुंबकांच्या जगात गेली पंचाहत्तर वर्षं आपण जो धुमाकूळ घातला आहे, तो याच भांडवलावर.

पत्र खुलं आहे, तेव्हा वाचकांसाठी आधी घटनास्थळ सांगतो. काही अणूंना स्वतःचं छोटंसं चुंबकत्व असतं. त्याला स्पिन म्हणतात आणि कागदावर बाण काढून दाखवतात. लोखंडात शेजारच्या बाणांना एकाच दिशेला तोंड करायचं असतं, म्हणून लोखंडाचा चुंबक होतो. दुसऱ्या एका वर्गात नियम बरोबर उलटा: शेजारी वर बघत असेल तर मी खाली बघणार. हे प्रतिलोहचुंबक. बाहेरून ते चुंबक वाटतच नाहीत, कारण निम्मे बाण वर, निम्मे खाली, बेरीज शून्य. लुई नेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात हा प्रकार कल्पनेने मांडला. 1949 मध्ये अमेरिकेत शल आणि स्मार्ट या जोडीने मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून तो प्रत्यक्ष दाखवला. 1970 मध्ये नेल यांना नोबेल मिळालं.

चौकोनी जाळीवर हा नियम सुखाने नांदतो. बुद्धिबळाच्या पटासारखं एक घर वर, एक घर खाली. पदार्थ थंड करत गेलं की उष्णतेची थरथर कमी होते आणि एका ठरावीक तापमानाला सगळे बाण आपापल्या जागी उभे राहतात. मँगनीज ऑक्साइडमध्ये हे सुमारे 120 केल्विनला होतं, म्हणजे उणे दीडशे सेल्सिअसच्या आसपास. (त्या स्फटिकातही आपले नातलग भरपूर आहेत, हे मला ठाऊक आहे. पण तिथे ऑक्सिजनच्या थेट पलीकडे बसलेल्या शेजाऱ्याचं वजन पडतं आणि निकाल लागतो. त्याचं श्रेय आपल्याला नाही.) थंड केलं की शिस्त येते, हे वर्गात सांगताना मास्तरांच्या आवाजाला जी धार चढते, ती या असल्या उदाहरणांच्या जिवावर.

मग आपण येता.

तीन कोपरे, तीन बाण, नियम तोच. पहिला वर. दुसरा अर्थात खाली. तिसऱ्याने काय करायचं? वर बघितलं तर पहिला नाराज, खाली बघितलं तर दुसरा. तीन बाणांच्या मांडण्या एकूण आठ. त्यांपैकी तिघेही वर किंवा तिघेही खाली या दोन तर सपशेल वाईट. उरलेल्या सहांत प्रत्येकी एक जोडी असमाधानी राहते, आणि सहाही मांडण्यांची ऊर्जा एकसारखी. यातली कुठली निवडायची याचं निसर्गापाशी उत्तर नाही, आणि बाण बिचारे कुचंबत बसतात.

आपल्या हातसफाईची तारीफ करायची ती इथे. पहिल्या-दुसऱ्याची जोडी तपासा, तिचा नियम ठीक. दुसऱ्या-तिसऱ्याची तपासा, तीही ठीक. तिसऱ्या-पहिल्याची मागणीही रास्तच. कुणी नियम मोडलेला नाही, कुणाची नियत वाईट नाही, तरी तिघांचं एकदम समाधान होणं अशक्य. फिर्याद कुणाविरुद्ध नोंदवायची? पंचनाम्यात लिहायला एकच गोष्ट सापडते, ती म्हणजे जागेचा आकार. म्हणजे आपण. आणि आपण तर तिथे कायदेशीर मालक म्हणून राहता.

आपल्या कर्तृत्वाचा पहिला हिशेब 1950 मध्ये बेल लॅबमधल्या ग्रेगरी वानिए यांनी मांडला. फक्त वर किंवा खाली बघू शकणारे बाण त्यांनी आपल्या जाळीवर बसवले आणि तापमान निरपेक्ष शून्यापर्यंत उतरवलं. क्रमिक पुस्तकाप्रमाणे तिथे एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, शून्याला भिडायला हवी. ती निघाली दर बाणामागे 0.323, बोल्ट्झमन स्थिरांकाच्या मापात. पूर्ण गोंधळ असताना हा आकडा 0.693 असतो. म्हणजे जगातली सगळी उष्णता काढून घेतल्यावरही जवळपास निम्मा गोंधळ आपण खिशात ठेवलात. गंमत अशी की वानिए यांच्या मूळ लेखात आकडेमोडीची चूक राहून 0.338 छापलं गेलं आणि शुद्धिपत्र निघालं ते 1973 मध्ये. त्याचाही दोष आपल्यावर टाकावा असा मोह होतो, पण तेवढा पुरावा नाही.

बाण फक्त वर-खाली न बघता कुठल्याही दिशेला वळू शकत असतील तर मात्र आपण थोडे नरमता. तिघं एकमेकांशी 120 अंशांचा कोन करून उभे राहतात. आपल्या राज्यात तीन पक्षांचं सरकार बनतं तेव्हा जे होतं तेच हे: किमान समान कार्यक्रम, कुणाचंच पूर्ण ऐकलं जात नाही, प्रत्येक जोडीला मागितलेल्याच्या बरोबर निम्मं मिळतं, आणि सगळे हसून फोटो काढतात. या तडजोडीलाही दोन बाजू आहेत. तीन कोपरे क्रमाने फिरताना बाण घड्याळाच्या दिशेने वळतात किंवा उलट. ऊर्जेच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. वळणाची ही दिशा आपण गुपचूप शिल्लक ठेवता आणि नंतर तिच्यातून वेगळीच प्रकरणं काढता. मँगनीज आणि कथिलाच्या एका संयुगात जपानी शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं की, एकूण चुंबकत्व नगण्य असूनही त्यातून जाणारा विद्युतप्रवाह बाजूला असा ढकलला जातो, जणू आत दणकट लोहचुंबक बसलाय. तेही नेहमीच्या खोलीच्या तापमानाला. चुंबकत्व नाही, पण चुंबकत्वाचा परिणाम आहे! अशा व्यवहाराला बाजारात काय म्हणतात ते आपल्याला माहीत असेलच.

आपला उपद्रव मोजायचा कसा, यावर आर्थर रामिरेझ यांनी एक सोपं माप काढलं. बाणांना एकमेकांची जाणीव किती तापमानाला होते, तो आकडा घ्यायचा. प्रत्यक्षात ते शिस्तीत किती तापमानाला येतात, तोही घ्यायचा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. सभ्य पदार्थात उत्तर एकच्या आसपास येतं. दहाच्या वर गेलं की आपला हात आहे असं समजायचं. स्ट्रॉन्शियम, क्रोमियम आणि गॅलियमच्या एका ऑक्साइडमध्ये बाण 500 केल्विनपासून एकमेकांशी भांडताहेत आणि काहीतरी घडतं ते 3.5 केल्विनला. भागाकार दीडशेच्या घरात. बरं, 3.5 केल्विनला तरी शिस्त येते का? नाही. बाण वेडेवाकडे होते तसेच गोठतात.

आपण एकटे असता तोवर हिशेब सोपा. आपण भावंडं घेऊन आलात की चौघांचा चतुष्फलक होतो: चार कोपरे, चार चेहरे, प्रत्येक चेहऱ्यावर आपण. या घराण्याची पहिली करणी तर चुंबकातही नव्हती, साध्या बर्फात होती. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन असतात, दोन जवळ, दोन लांब. कुठले दोन जवळ याची सक्ती नाही. लायनस पॉलिंग यांनी 1935 मध्ये गणित केलं की या मोकळीकीमुळे बर्फात निरपेक्ष शून्यालाही ठरावीक एन्ट्रॉपी उरायला हवी. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या जिओक आणि स्टाउट यांनी उष्णता मोजून ती दाखवली. पॉलिंग यांचा आकडा 0.806, मोजलेला 0.82, कॅलरीच्या मापात. असा हिशेब जुळला की मला माणसाच्या बुद्धीबद्दल आदर वाटतो आणि आपल्याबद्दलचा राग थोडा वेळ आवरता येतो.

1997 मध्ये हॅरिस, ब्रॅमवेल आणि सहकाऱ्यांनी होल्मियम टायटनेटमध्ये तोच प्रकार चुंबकाच्या रूपात पकडला. बाण चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर, प्रत्येकाला फक्त आत किंवा बाहेर बघायची परवानगी, आणि थंड केल्यावर नियम उरतो तो दोन आत, दोन बाहेर. सोळा मांडण्यांपैकी सहा चालतात. या पदार्थाला स्पिन-बर्फ म्हणतात. यातली आपली चलाखी मला खास कौतुकास्पद वाटते. इथले शेजारी मुळात भांडखोर नाहीतच, त्यांना लोखंडासारखं एकाच दिशेला बघायचं आहे. घराच्या भिंती अशा तिरक्या बांधल्यात की मैत्रीचीसुद्धा कुचंबणा होते. भांडणाऱ्यांना अडकवणं कुणालाही जमेल. सलोख्याने राहू पाहणाऱ्यांना अडकवायला घराणंच लागतं.

1999 मध्ये डिस्प्रोशियम टायटनेटची उष्णता मोजून रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी पॉलिंग यांचाच शिल्लक हिशेब चुंबकात दाखवला. त्या लेखाच्या लेखकांत बी. श्रीराम शास्त्री आणि राहुल सिद्धार्थन ही दोन नावं आहेत. शास्त्रींचं नाव लक्षात ठेवा, आपल्याशी त्यांचा हिशेब जुना आहे. 2013 मध्ये दुसऱ्या एका गटाने म्हटलं की, घाई न करता पदार्थाला पुरेसा वेळ दिला तर ती शिल्लक नाहीशी होऊ लागते. 2018 मध्ये आणखी एका गटाने पुन्हा पॉलिंग यांच्या बाजूने कौल दिला. आपल्या खटल्यात तारखा पडत राहतात, हे काही नवीन नाही.

या स्पिन-बर्फातून आपण जो खेळ केलात तो तर सरळसरळ धाडस होतं. एक बाण उलटा केला की एका चतुष्फलकात तीन आत आणि एक बाहेर होतात, शेजारच्यात एक आत आणि तीन बाहेर. मग पुढचा बाण उलटवून ही दोन व्यंगं एकमेकांपासून लांब नेता येतात, आणि ती वागतात सुट्या उत्तर ध्रुवासारखी आणि सुट्या दक्षिण ध्रुवासारखी. कॅस्टेलनोव्हो, मोस्नर आणि सोंधी यांनी हे 2008 मध्ये मांडलं. 2009 मध्ये न्यूट्रॉन प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. एकध्रुव! डिरॅक यांनी 1931 पासून ज्याची वाट बघायला लावली ती वस्तू. 14 फेब्रुवारी 1982 च्या रात्री स्टॅनफर्डमध्ये ब्लास कॅब्रेरा यांच्या उपकरणात एकदाच एक संकेत आला आणि पुन्हा कधी आला नाही. तसला माल आपण टायटनेटच्या खड्यात घाऊक भावाने विकायला काढलात. बारीक अक्षरातली अट वाचकांना मीच सांगतो: हे डिरॅक यांचे मूलभूत एकध्रुव नव्हेत. मॅक्सवेल यांचं समीकरण शाबूत आहे, चुंबकीय क्षेत्ररेषा कुठेही तुटत नाही. पदार्थाच्या आत, पदार्थाच्या भाषेत, तेवढ्यापुरतेच ते एकध्रुव. तरीही मान्य करतो, चोरी देखणी आहे.

आता थोडं आपल्या पराभवांबद्दल, कारण त्यांचा उल्लेख आपण कधी करत नाही.

1969 साली मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी आपल्याला कागदावर पकडलं. बाणांची एक साखळी घ्या. शेजाऱ्याशी भांडण आहे, आणि एक सोडून पलीकडच्याशी त्याच्या निम्मं. ही साखळी नागमोडी काढली तर ती आपल्याच कुळातल्या त्रिकोणांची रांग होते. इतरत्र अशा रांगेपुढे लोक अंदाज लावत बसतात. या दोघांनी उत्तर नेमकं लिहून दिलं: पहिला-दुसरा जोडी करतात, तिसरा-चौथा जोडी करतात, आणि पुढे तसंच. जोडीतले दोघे एकमेकांत इतके गुंततात की एकट्याची दिशा विचारण्यात अर्थ उरत नाही. त्रिकोणातल्या तिसऱ्याचं काय, हा आपला हुकमी प्रश्नच निकालात. तिसऱ्याने बाहेर स्थळ बघितलं.

1981 मध्ये मजुमदारांचे विद्यार्थी शास्त्री यांनी बिल सदरलँड यांच्या जोडीने हीच युक्ती सपाट जाळीवर करून दाखवली. चौकोन आणि त्रिकोण यांची एक विशिष्ट वीण त्यांनी मुद्दाम अशी आखली की उत्तर अचूक यावं. तेव्हा असा पदार्थ कुणाच्या हातात नव्हता, आणि गणिताच्या सोयीसाठी काढलेलं चित्र म्हणून ते विसरलं गेलं असतं. 1999 मध्ये जपानमधल्या कागेयामा आणि सहकाऱ्यांना स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटमध्ये तांब्याचे अणू नेमके त्याच विणीत बसलेले सापडले. चुंबकीय क्षेत्र वाढवत गेलं की त्यातलं चुंबकत्व सरळ न वाढता पायऱ्यापायऱ्यांनी वाढतं, एक अष्टमांश, एक चतुर्थांश, एक तृतीयांश. अठरा वर्षं आधी कागदावर लिहिलेला आदेश एखाद्या खड्याने असा पाळावा, हे आपल्या प्रभावळीत क्वचितच घडलं. मराठी माणसाने अभिमान वाटून घ्यायला हरकत नाही, कुलाब्याचा तेवढा वाटा आहे. आता जयंत्या सुरू करू नका म्हणजे झालं.

आणि आता मुख्य तक्रार. इथवरच्या गुन्ह्यांत निदान आपली सही होती. पुढच्या प्रकरणात तीही नाही.

1973 मध्ये फिलिप अँडरसन यांनी आपल्या जाळीबद्दल एक भन्नाट कल्पना मांडली. मजुमदार-घोष यांच्यासारख्या जोड्या जुळतील, पण त्या टिकणार नाहीत. जोडीदार सारखे बदलत राहतील, निरपेक्ष शून्यालाही थांबणार नाहीत. सगळ्या शक्य जोडण्या एकदम. या अवस्थेला स्पिन-द्रव म्हणतात. कल्पना इतकी सुंदर की आपण लगेच तिचे मालक असल्यासारखे वागू लागलात. पुढे संगणकावर हिशेब झाले तेव्हा कळलं की साध्या त्रिकोणी जाळीवर बाण मुकाट्याने त्या 120 अंशांच्या तडजोडीतच बसतात. हां, तडजोड लुळी असते, बाणांची ताकद निम्म्याहूनही खाली येते. पण द्रव नव्हे. ज्या गुन्ह्याची सर्वांत जास्त प्रसिद्धी झाली, तो आपण आपल्या घरी केलेलाच नव्हता.

मग शोध सरकला आपल्या कागोमे शाखेकडे. हे जपानी बुरुडांच्या टोपलीवरचं नक्षीकाम: त्रिकोण फक्त कोपऱ्यांनी जोडलेले, मधे षट्कोनी भोकं. 1951 मध्ये स्योझी यांनी ते चुंबकांच्या गणितात आणलं. चिलीतल्या खाणींमध्ये सापडणारं एक हिरवं खनिज आहे, हर्बर्टस्मिथाइट, तांबं, जस्त आणि क्लोरीनचं. ब्रिटिश म्युझियममधल्या खनिजशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं नाव पडलं. त्यात तांब्याचे अणू अगदी कागोमे विणीत बसलेले असतात. 2005 मध्ये एमआयटीत ते प्रयोगशाळेत तयार झालं. बाणांचं भांडण सुमारे 200 केल्विनच्या जोराचं, आणि थंड करत 50 मिलीकेल्विनपर्यंत नेलं, म्हणजे त्याच्या चार-हजाराव्या भागापर्यंत, तरी शिस्तीचा पत्ता नाही. 2012 मध्ये यंग ली यांच्या गटाने चांगला स्फटिक वाढवून न्यूट्रॉन सोडले. शिस्तीतल्या चुंबकात जिथे टोकदार ठिपके दिसतात तिथे पसरट धूसर डाग आले, द्रवाकडून अपेक्षा असते तसे. टाळ्या झाल्या. आपण वाकून नमस्कार केलात.

पण महाराज, त्या खड्यात थरांच्या मधे जस्त असायला हवं. त्या जागांपैकी दहा-पंधरा टक्के जागांवर तांबं घुसलेलं आहे. भेसळ! आणि हे घुसखोर तांबं गोंगाट करतं ते नेमकं कमी ऊर्जेला, जिथे द्रवाची खरी ओळख पटायची असते. द्रवाला जागं करायला किमान ऊर्जा लागते का, म्हणजे त्याच्या ऊर्जेत फट आहे का, हा मूळ प्रश्न. 2015 मध्ये एका गटाने सांगितलं, आहे. 2020 मध्ये दुसऱ्याने सांगितलं, नाही. दोघांचीही पद्धत एकच होती, अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद. भांडण आपल्यावरून नाही, आपल्या दारात बसलेल्या भेसळीचा वाटा हिशेबातून किती वजा करायचा यावरून आहे.

इटर्बियमच्या प्रकरणात तर आपण हातोहात पकडले जायला हवे होतात. इटर्बियम, मॅग्नेशियम, गॅलियम आणि ऑक्सिजन, त्यात इटर्बियमची निखळ त्रिकोणी जाळी. 2015 नंतर दोन-तीन वर्षं सगळीकडे द्रव-द्रव झालं. या पदार्थात मॅग्नेशियम आणि गॅलियम एकाच प्रकारच्या जागांवर वाटेल तसे विखुरलेले आहेत, हे सुरुवातीपासून माहीत होतं. 2017 मध्ये सैद्धान्तिकांनी दाखवलं की, एवढी विस्कळित मांडणी साध्या शिस्तप्रिय बाणांनासुद्धा असं पांगवू शकते की न्यूट्रॉनला ते द्रवच वाटावेत. सोंग भेसळीने घेतलं, बक्षीस आपण नेलं. जपानमध्ये 2003 साली गाजलेल्या एका सेंद्रिय क्षाराची गतही तशीच. 32 मिलीकेल्विनपर्यंत शिस्त नाही म्हणून द्रव ठरलेला. 2021 मध्ये कळलं की 6 केल्विनच्या खाली त्यातल्या बाणांनी गुपचूप पक्क्या जोड्या केल्या असाव्यात आणि मधे जो आवाज ऐकू येत होता तो दोषस्थानांवरच्या एकट्यादुकट्यांचा होता.

गोठलेल्या गोंधळाचं शास्त्र मोठं आहे, त्याचा अपमान मला करायचा नाही. तांब्यात मँगनीजचे थोडे अणू विखुरले तर जी स्पिन-काच तयार होते, तिच्या गणितासाठी जॉर्जो पारिसी यांना 2021 चं नोबेल मिळालं. तिथेही कुचंबणाच आहे. पण ती भेसळीने केलेली आणि भेसळीच्या नावाने नोंदवलेली. आपल्यासारखं दुसऱ्याच्या कामावर बसून फोटो काढणं तिथे चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की, नकारावर आपण फार दिवस जगलात. शिस्त दिसली नाही, ठिपका आला नाही, गोठणं सापडलं नाही, म्हणून आपण होतात, हा कसला पुरावा? स्पिन-बर्फात आपण होतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण तिथे दोन आत, दोन बाहेर हा नियम न्यूट्रॉनच्या चित्रात आपल्या खास चिमटीत पकडल्यासारख्या खुणा ठेवतो आणि एन्ट्रॉपीचा आकडाही सांगितल्याप्रमाणे येतो. बोरेटमध्ये आपला पराभव झाला यावरही विश्वास आहे, कारण पायऱ्या मोजता येतात. हर्बर्टस्मिथाइटच्या बाबतीत माझं मन आपल्या बाजूने झुकतं, खोटं कशाला बोलू. पण मनाच्या झुकण्यावर शिक्षा सुनावत नाहीत. तेव्हा यापुढे 'क्रम आढळला नाही' हे वाक्य आपल्या गुणगौरवात छापू नये. द्रव असेल तर त्याने काय केलं ते सांगावं, काय केलं नाही ते पुरे. आणि येताना खडा धुऊन आणावा. जस्ताच्या जागी जस्त, तांब्याच्या जागी तांबं. सोबत भेसळीचं ना-हरकत प्रमाणपत्र.

हे जमत नसेल तर आपल्या कागोमे, चतुष्फलक वगैरे शाखांसह आपण कंपासपेटीत परत जावं. तिथे साठ अंशांचा कोन अजून लागतो.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक चौकोनी जाळीतला रहिवासी

ता. क. शिक्षेचं ठरलं आहे, सक्तमजुरी. निरपेक्ष शून्याजवळ जायला चुंबकाचा एक जुना मार्ग आहे: क्षेत्र लावून बाण ओळीत उभे करायचे, त्यातून निघालेली उष्णता बाहेर काढून टाकायची, मग पदार्थ एकटा ठेवून क्षेत्र हळूहळू काढायचं. बाण विस्कटताना उष्णता शोषतात आणि सगळं थंड होतं. सभ्य चुंबक या कामाला फार वेळ पुरत नाही, कारण थोड्या थंडीतच तो आपणहून ओळीत उभा राहतो आणि विस्कटायला काही उरत नाही. आपल्या घराण्यातलं गॅडोलिनियम गॅलियम गार्नेट मात्र 1 केल्विनच्या आसपास निमूटपणे हे काम करतं. 2024 मध्ये आपल्या साध्या त्रिकोणी जाळीच्या एका कोबाल्ट फॉस्फेटने 94 मिलीकेल्विनपर्यंत मजल मारल्याचं चीनमधून प्रसिद्ध झालं आहे. ओळ लावू न देणं हीच इथली पात्रता, तेव्हा अनुभवाचा दाखला वेगळा मागणार नाही. एरवी हे काम हीलियम-3 ने होतं. पण त्याचा तुटवडा आणि भाव बघता आपल्याला रात्रपाळी लागण्याची तयारी ठेवावी.